घरचे ध्वनिमुद्रण, संगणकावरचा ठेका आणि बारावीचे विज्ञान

प्रश्न : माझा मुलगा अकरावी विज्ञान शाखेत शिकतो. लहानपणापासून तो ढोलकी वाजवतो आणि दोन वर्षांपासून ड्रम्सही शिकतो आहे. घरातल्या जुन्या लॅपटॉपवर ऑडॅसिटी, आर्डर (दोन्ही ध्वनिमुद्रणासाठी) आणि हायड्रोजन (ड्रम्सचा ठेका बसवण्यासाठी) ही मोफत सॉफ्टवेअर घेऊन तो गाणी रेकॉर्ड करतो. कधी ढोलकी स्वतः वाजवतो, कधी ड्रम्सचा ठेका संगणकावरच तयार करतो. आता विज्ञान सोडून साउंड इंजिनिअरिंगचा एका वर्षाचा डिप्लोमा करायचा आणि सव्वा लाखाचा इलेक्ट्रॉनिक ड्रमसेट घ्यायचा, असा त्याचा हट्ट आहे. त्याचे वडील म्हणतात की, फुकटच्या सॉफ्टवेअरवर केलेले काम म्हणजे खेळ, आणि ठेका संगणकच देणार असेल तर वाजवणाऱ्याला उद्या कोण विचारणार? त्याची दोन रेकॉर्डिंग सोबत पाठवत आहे. आम्ही काय करावे?
– एक आई, कराड

उत्तर : आपले पत्र आणि दोन्ही ध्वनिमुद्रणे मिळाली. मुलाच्या पुढील शिक्षणाविषयी काही सांगण्यापूर्वी त्याचे काम नीट ऐकणे आवश्यक वाटले, म्हणून हेडफोन लावून दोन्ही गाणी तीन-तीनदा ऐकली. पहिल्या गाण्यातील ढोलकी त्याने उत्तम वाजवली आहे, परंतु तिच्या खर्जाच्या तोंडाचा घुमारा खोलीत साचून राहिल्यामुळे गायकाचे शब्द त्याखाली दबले आहेत. दुसरे गाणे मला अधिक बोलके वाटले. त्यातील ड्रम्स संगणकावर बसवलेले आहेत आणि पहिल्या कडव्यात हाय-हॅटचा, म्हणजे पायाने उघडझाप होणाऱ्या झांजांच्या जोडीचा, प्रत्येक ठोका अगदी एकाच जोराचा असल्यामुळे ते शिवणयंत्रासारखे ऐकू येतात. दुसऱ्या कडव्यापासून मात्र त्याने ठोक्यांचा जोर कमीजास्त केला आहे, स्नेअर (तीक्ष्ण आवाजाचा मधला ड्रम) किंचित मागे ओढला आहे आणि जिथे गायक हळू आवाजात ओळ सुरू करतो तिथे किक (पायाने वाजवायचा मोठा ड्रम) पूर्णपणे काढून टाकली आहे. हे त्याला कोणी शिकवले असेल असे पत्रावरून दिसत नाही. पहिले कडवे निर्जीव वाटते आहे हे त्याने स्वतः ऐकले आणि ते सुधारण्याचा मार्ग शोधला, हे या क्षेत्राच्या दृष्टीने मला सर्वांत महत्त्वाचे वाटते.

त्याच्या वडिलांच्या पहिल्या शंकेबद्दल सांगायचे तर, मोफत आणि मुक्त या दोन शब्दांत फरक आहे. ऑडॅसिटी हे अमेरिकेतील कार्नेगी मेलन विद्यापीठात सुरू झालेले आणि २००० साली प्रसिद्ध झालेले सॉफ्टवेअर आहे. आर्डर आणि हायड्रोजन यांच्याप्रमाणेच त्याचाही मूळ कोड कोणालाही पाहता, बदलता आणि वापरता येतो. आर्डरमध्ये वेगवेगळ्या माइकचे आवाज स्वतंत्र ट्रॅकवर घेता येतात, त्यांची पातळी जुळवता येते, उंच आणि खर्जाच्या स्वरांचा आवाज वेगवेगळा कमी-अधिक करता येतो आणि शेवटी सगळ्यांचे मिश्रण करता येते. मोठ्या स्टुडिओत हीच कामे बहुधा प्रो टूल्स या विकतच्या सॉफ्टवेअरवर होतात, परंतु संकल्पना त्याच असल्याने एकावर हात बसलेल्या मुलाला दुसरे शिकण्यास काही आठवडे पुरतात. प्रो टूल्सचीही आठ ध्वनी-ट्रॅकपर्यंत चालणारी मोफत आवृत्ती उपलब्ध आहे, तिची ओळख त्याने सुट्टीत करून घ्यावी. पैसे भरून घ्यायच्या सॉफ्टवेअरची चोरीची प्रत लॅपटॉपवर टाकण्याऐवजी त्याने मुक्त सॉफ्टवेअरचा मार्ग निवडला, याचे आपण घरात मोकळेपणाने कौतुक करावे.

दुसरी शंका अधिक गंभीर आहे. खऱ्या ड्रम्सचे मुद्रित आवाज वाजवणारे पहिले यंत्र १९८० साली बाजारात आले आणि वाद्ये व संगणक यांना जोडणारी मिडी ही पद्धत १९८३ साली. म्हणजे आपला मुलगा जन्मण्याच्या कितीतरी आधीपासून वादकाशिवाय ठेका तयार करता येतो. यामुळे वादकांचे काही काम निश्चितच गेले. जाहिराती आणि मालिका यांच्या पार्श्वसंगीतात संगणकावरचा ठेका आता सर्रास वापरला जातो. परंतु मिडीमध्ये प्रत्येक ठोक्याला १ ते १२७ यांपैकी जो जोर द्यायचा असतो, तो आकडा कोणत्या ठोक्याला किती द्यावा हे हाताला आणि कानाला लयीची सवय असलेल्या माणसालाच चटकन उमगते. भजनात ठेका द्रुत झाल्यावर लग्गी (ठेक्यातली जलद, भरगच्च बोलांची वाजवणी) कुठे सुरू करायची आणि समेवर किती जोराने यायचे हे ज्याच्या हातात भिनले आहे, तो संगणकावरही जिवंत ठेका बसवतो. मुंबईच्या स्टुडिओंत संगणकावर बसवलेल्या लयीवर खरी ढोलकी किंवा तबला डब करून घेण्याची पद्धत रूढ आहे. ज्याला दोन्ही बाजू कळतात असा तरुण तिथे उपयोगाचा ठरतो. त्यामुळे ढोलकीचा रियाज कमी होऊ देऊ नये, हे मी त्याला आवर्जून सांगेन.

खरे ड्रम्स घरी मुद्रित करणे हे संगणकावर ठेका बसवण्यापेक्षा कितीतरी कठीण आहे, आणि त्यातूनच त्याला सर्वांत जास्त शिकायला मिळेल. आवाज हवेतून एका मिलिसेकंदात सुमारे ३४ सेंटिमीटर जातो. दोन माइक ड्रमपासून वेगवेगळ्या अंतरावर असतील तर एकच ठोका दोन्हींत थोड्या वेगळ्या क्षणी पोहोचतो आणि दोन्ही ट्रॅक एकत्र वाजवल्यावर काही लहरी एकमेकींना खोडतात, त्यामुळे भरदार किकही पोकळ ऐकू येते. म्हणून ड्रमसेटच्या वर दोन माइक लावताना दोरी किंवा फूटपट्टी घेऊन ते स्नेअरच्या मध्यापासून समान अंतरावर आहेत की नाही, हे अनुभवी ध्वनिमुद्रकही मोजून पाहतात. घरातल्या गोधड्या आणि गाद्या भिंतींना लावल्याने उंच स्वरांचा प्रतिध्वनी कमी होईल, परंतु ढोलकीच्या खर्जाचा घुमारा कोपऱ्यात तसाच राहील. त्यासाठी वाद्य कोपऱ्यापासून दूर, खोलीच्या मध्याच्या थोडे अलीकडे ठेवून, माइकची जागा वीतभर सरकवत प्रत्येक वेळी मुद्रण करून ऐकावे आणि वहीत नोंद ठेवावी. अशा वहीची किंमत मुलाखतीत कोणत्याही प्रमाणपत्राइतकीच असते, असे माझे मत आहे.

आता आपण पाहिलेच असेल की, वरच्या परिच्छेदातील अंतर, लहर आणि परावर्तन हे सगळे त्याच्या भौतिकशास्त्राच्या पुस्तकातले विषय आहेत. म्हणूनच विज्ञान शाखा सोडण्याचा विचार मला मुळीच पटत नाही. पुण्यातील भारतीय चित्रपट आणि दूरचित्रवाणी संस्थेत, तसेच कोलकात्यातील सत्यजित राय चित्रपट व दूरचित्रवाणी संस्थेत ध्वनिमुद्रण आणि ध्वनिसंरचना यांचा तीन वर्षांचा पदव्युत्तर अभ्यासक्रम आहे. त्यासाठी आधी पदवी पूर्ण करावी लागते आणि प्रवेशपरीक्षा द्यावी लागते. बारावीपर्यंतच्या विषयांविषयीच्या अटी त्या-त्या वर्षीच्या माहितीपत्रकात पाहाव्यात. २००९ साली ध्वनिमिश्रणासाठी ऑस्कर मिळवणारे रसूल पूकुट्टी हे पुण्याच्या संस्थेचेच विद्यार्थी. बारावीनंतर भौतिकशास्त्रात बी.एस्सी. किंवा इलेक्ट्रॉनिक्समध्ये अभियांत्रिकी करून या संस्थांकडे वळता येते, आणि तिथे प्रवेश न मिळाल्यास हाती पदवी राहते. गाण्यांपलीकडेही काम आहे. चित्रीकरणस्थळी ध्वनिमुद्रण, डबिंग, नाटकाचे ध्वनिसंयोजन, वाद्यवृंदांचे थेट कार्यक्रम, बोलकी पुस्तके, आकाशवाणी अशा अनेक ठिकाणी प्रशिक्षित कानाची गरज असते. मात्र सुरुवातीची काही वर्षे साहाय्यक म्हणून थोड्या पैशांत आणि अवेळी काम करावे लागते, हे मुलाला आताच स्पष्ट सांगावे.

एका वर्षाच्या खासगी डिप्लोम्यांना मी सरसकट नाकारत नाही, पण अकरावी सोडून तिथे जाणे घाईचे ठरेल. पदवीच्या काळात असा अभ्यासक्रम करायचाच झाला, तर एका विद्यार्थ्याला प्रत्यक्ष स्टुडिओत किती तास हाताळायला मिळतात हे लेखी विचारावे आणि आधीच्या तुकडीतील दोन-तीन मुलांना भेटून ते खरे आहे का हे पाहावे. उत्तर टाळले गेले, तर शुल्क भरू नये.

सव्वा लाखाच्या ड्रमसेटची खरेदीही बारावीनंतरच्या विचारासाठी ठेवावी. इलेक्ट्रॉनिक सेटवर वाजवलेले ठोके मिडीतच उतरतात, त्यामुळे माइक कुठे लावायचा हे त्याला त्यातून शिकता येणार नाही. त्याऐवजी दोन माइक जोडता येणारा साधा इंटरफेस (माइकचा आवाज संगणकात नेणारे यंत्र), एक टिकाऊ डायनॅमिक माइक (मोठा आवाज सहज पेलणारा) आणि कान झाकणारे हेडफोन एवढे घ्यावे. हे साधारण वीस-पंचवीस हजारांत होते. वर्षभरात त्याने सहा गाणी पूर्ण करावीत. त्यांतील तीन गाण्यांत खरी ढोलकी किंवा ड्रम्स असावेत आणि तीन गाण्यांत संगणकावर बसवलेला ठेका. एखादे गाणे दोन्ही प्रकारे करून पाहिले तर उत्तमच. इंटरनेटवरून घेतलेले लूप (पुन्हा पुन्हा वाजवायचे तयार तुकडे) वापरले तर त्यांच्या वापराच्या अटीही वहीत लिहून ठेवाव्यात, कारण पुढे एखादे गाणे विकण्याची वेळ आली की हक्कांचा प्रश्न पहिल्याच दिवशी निघतो. सहावे गाणे पहिल्यापेक्षा स्पष्टपणे चांगले झाले आणि तरीही त्याची गोडी टिकली, तर पदवीनंतर या क्षेत्रात जाण्याला आपण दोघांनीही निर्धास्तपणे संमती द्यावी.

एक खरेदी मात्र पुढे ढकलू नये. बंद खोलीत ड्रम्सचा आवाज १०० डेसिबलच्या आसपास सहज जातो, आणि ८५ डेसिबलच्या वरचा आवाज रोज तासन् तास कानांवर पडत राहिला तर ऐकण्याची शक्ती कायमची कमी होऊ शकते. वादकांसाठी मिळणारे, सर्व स्वर सारखेच मंद करणारे कर्णरक्षक या आठवड्यातच आणावेत आणि सरावाला बसण्यापूर्वी ते कानात घातले आहेत, हे आपण स्वतः पाहावे.