प्लाझ्मातलं औषध मोजताना फॉस्फोलिपिड विसरू नका
एलसी-एमएस/एमएसने (कॉलममधून घटक वेगळे करून मास स्पेक्ट्रोमीटरने) मोजायचं असेल तर १०० मायक्रोलिटर प्लाझ्मात आधी इंटर्नल स्टँडर्ड (ठरलेल्या प्रमाणात घालायचा, औषधासारखाच वागणारा पदार्थ) घाला, मगच प्रथिनं खाली बसवणारं ३०० मायक्रोलिटर थंड अ‍ॅसिटोनायट्राइल. क्रम उलटला तर प्रथिनांबरोबर खाली गेलेल्या औषधाचा हिशेब लागत नाही. व्हॉर्टेक्सवर नीट ढवळा, सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवा, वरचं द्रव पाण्याने पातळ करूनच इंजेक्ट करा, नाहीतर लवकर येणारे पीक (आलेखातले उंचवटे) फाटतात.

प्रथिनं खाली बसली तरी फॉस्फोलिपिड (पेशींच्या पडद्यातले मेदपदार्थ) वरच्या द्रवातच राहतात आणि औषधाचं आयनीकरण (मोजता येण्यासाठी विद्युतभारित होणं) दाबतात. पॉझिटिव्ह मोडमध्ये १८४ ते १८४ हे ट्रान्झिशन (मास स्पेक्ट्रोमीटरने टिपायची आयनांच्या वस्तुमानांची जोडी) लावून फॉस्फोलिपिड कॉलममधून केव्हा बाहेर पडतात ते बघा. तुमचा पीक त्याच वेळी येत असेल तर ग्रेडियंट (कॉलममधल्या द्रावकांचं बदलतं प्रमाण) बदला, कोलिजन एनर्जीशी (आयन फोडायच्या ऊर्जेशी) खेळत बसू नका. इंटर्नल स्टँडर्ड परवडलं तर कार्बन-१३ चं (जड कार्बन घातलेलं तेच औषध) घ्या. ड्युटेरियमवालं (जड हायड्रोजनचं) बहुधा स्वस्त, पण कधीकधी औषधाच्या जरा आधी बाहेर पडतं. मग दोघांचं आयनीकरण सारखं दबत नाही. लालसर, हेमोलाइज झालेला (लाल पेशी फुटलेला) प्लाझ्मा व्हॅलिडेशनमध्ये (पद्धतीच्या पडताळणीत) वेगळा तपासा.