सोळाव्या वर्षी बाल न्याय मंडळात केस झाली होती. आता पोलीस भरतीच्या फॉर्ममध्ये काय लिहू?

तुम्ही लिहिलंय की सोळाव्या वर्षी गावातल्या मारामारीत नाव आलं, मंडळाने समज देऊन सोडलं, आता वय 23 आहे, मैदानी आणि लेखी दोन्ही पार पडलंय आणि साक्षांकन नमुना (चारित्र्य पडताळणीसाठी भरून द्यायचा फॉर्म) हातात आलाय.

आधी धीर धरा, कारण ही जुनी केस तुम्हाला अपात्र ठरवत नाही. बाल न्याय अधिनियम, 2015 च्या कलम 24(1) नुसार या कायद्याखाली निकाली निघालेल्या प्रकरणातल्या दोषसिद्धीमुळे, दुसरा कुठलाही कायदा काहीही म्हणो, अपात्रता लागत नाही. अपवाद एकच आहे. वय 16 पूर्ण, किमान 7 वर्षं शिक्षेचा अतिगंभीर गुन्हा, आणि बाल न्यायालयाने (हे मंडळापेक्षा वेगळं) प्रौढ म्हणून खटला चालवून दोषी ठरवलेलं. तुम्हाला मंडळानेच घरी पाठवलं, म्हणजे तो अपवाद तुम्हाला लागू नाही.

घोटाळा होतो तो ठाण्यातल्या नोंदीत. मुलांच्या बाबतीत सहसा एफआयआर होतच नाही. स्टेशन डायरीत नोंद आणि सामाजिक पार्श्वभूमीचा अहवाल, एवढंच. पण गुन्हा अतिगंभीर असेल किंवा सोबत मोठी माणसं असतील तर एफआयआर होतो आणि सगळ्यांची नावं एकाच कागदावर येतात. पुढे तुमचं प्रकरण मंडळाकडे जातं, मोठ्यांचं नेहमीच्या कोर्टात. ते तिथे वर्षानुवर्षं रेंगाळतं. पडताळणी करणारा हवालदार तोच गुन्हा क्रमांक उघडतो आणि तुमच्या नावापुढे 'न्यायप्रविष्ट' लिहून मोकळा होतो.

म्हणून आज पहिलं काम मंडळाच्या अंतिम आदेशाची सही-शिक्क्याची नक्कल काढायचं. गुन्हा क्रमांक, ठाणं आणि साल घेऊन जा. मंडळाचा केस नंबर माहीत नसेल तर तिथलं रजिस्टर पाहायला सांगा. नकलेवर घटनेची तारीख आहे का, तेही तपासा, कारण वय मोजलं जातं ते घटनेच्या दिवशीचं, निकालाच्या दिवशीचं नाही. सोबत शाळेचा जन्मतारखेचा दाखला किंवा दहावीचं प्रमाणपत्र जोडा.

आता फॉर्म. प्रश्नातला शब्द न् शब्द वाचा. फक्त 'शिक्षा झाली आहे का' असं विचारलं असेल तर उत्तर 'नाही'. पण बहुतेक नमुन्यांत 'कधी गुन्हा दाखल झाला होता का, अटक झाली होती का' असंही असतं. लहानपणच्या प्रकरणाबद्दल गप्प राहण्याचा उमेदवाराला हक्क आहे, असे निकाल उच्च न्यायालयांनी दिले आहेत. तरी माझा सल्ला लिहून देण्याचाच. माहिती दडवली हा नेमणूक रद्द करायला स्वतंत्र मुद्दा होऊ शकतो (सर्वोच्च न्यायालय, अवतार सिंग प्रकरण, 2016), आणि तुम्ही कोर्टात शेवटी जिंकलात तरी तोवर वयोमर्यादा निघून गेलेली असते. रकान्यात 'सोबतचं पुरवणी पत्र पाहावे' लिहा आणि पत्रात एवढंच:

'मी अल्पवयीन असताना दाखल झालेले प्रकरण बाल न्याय मंडळाने अंतिम आदेशाने निकाली काढले आहे. बाल न्याय अधिनियम, 2015 च्या कलम 24(1) नुसार मला कोणतीही अपात्रता लागू होत नाही. आदेशाची प्रत जोडली आहे.'

भांडण कसं झालं, कोणाची चूक होती, यातलं एक अक्षरही लिहू नका. पत्राची पोच घ्या.

पडताळणी अहवालात तरीही शेरा आला, तर कलम 74(2) दाखवा. निकाली निघालेल्या प्रकरणातली मुलाची नोंद चारित्र्य प्रमाणपत्रासाठी किंवा अन्य कारणाने उघड करायला पोलिसांना मनाई आहे. अर्ज ठाण्यात देऊन थांबू नका; अधीक्षक किंवा आयुक्त कार्यालयात द्या. तिथूनही नकार आला तर उच्च न्यायालयात रिट याचिका. वकिलाची फी झेपत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात चौकशी करा.

नोंद नष्ट करणं हा वेगळा विषय, आणि इथे पुष्कळ जण गोंधळतात. केंद्राच्या 2016 च्या आदर्श नियमांत त्यासाठी अपिलाची मुदत किंवा 7 वर्षं असा उल्लेख आहे. तुमची 7 वर्षं कदाचित अजून भरली नसतील, पण 24(1) आणि 74(2) चं संरक्षण त्यावर अवलंबून नाही, ते आजही आहे. मुदत भरली की कलम 24(2) खाली मंडळाकडे अर्ज करा आणि आदेशाची प्रत ठाण्याला जाईल असं त्यात मागा. नोंदी आपोआप नष्ट होतील या भरवशावर राहू नका.

दोन गोष्टी मात्र या कायद्याच्या सावलीत नीट बसत नाहीत. अल्पवयात गाडी चालवून मोटार वाहन कायद्याखालचा गुन्हा घडला असेल, तर कलम 199अ नुसार 25 वर्षांपर्यंत शिकाऊ लायसनही मिळत नाही. आणि परदेशी व्हिसा: अमेरिकेच्या फॉर्ममध्ये शिक्षेसोबत अटकेबद्दलही विचारतात, आणि आपलं कलम 24 त्यांच्यावर बंधनकारक नाही. तिथे उत्तर भरण्याआधी इमिग्रेशनच्या वकिलाला हाच अंतिम आदेश दाखवा. म्हणून नक्कल एक नको, चार काढा.