पाटी कोरायचीय, पण बिट तुटतंय

मागच्या अंकात घरच्या छोट्या सीएनसीबद्दल (कोडवर चालून, फिरत्या बिटाने म्हणजे पात्याने कोरणारं-कापणारं मशीन) सहज चार ओळी लिहिल्या होत्या, त्यावर एवढी पत्रं येतील असं वाटलं नव्हतं. निम्म्यांनी फक्त 'कितीला पडतं' विचारलंय, ते सोडून दिलेत कारण भाव सारखे बदलतात. उरलेल्यांतले हे चार.

भोसरीत ३० वर्षं लेथ आणि व्हीएमसीवर (कारखान्यातलं मोठं सीएनसी) काढली, आता रिटायर झालोय. मुलगा म्हणतो ३०१८ नावाचं मशीन घेऊन देतो. आमच्यासारख्याला ते खेळणं वाटेल का? – निगडीचे एक वाचक

काका, पहिल्या दिवशी खेळणंच वाटेल, खोटं कशाला बोलू. तुम्ही जे मशीन चालवलंत ते हलवायला क्रेन लागते, हे काखेत मारून तिसऱ्या मजल्यावर नेता येतं. ३०१८ म्हणजे साधारण ३० बाय १८ सेंटीमीटरचा बेड, अ‍ॅल्युमिनियम एक्स्ट्रूजनची फ्रेम, तीन स्टेपर मोटरी (पावलापावलाने फिरणाऱ्या) आणि स्पिंडल, म्हणजे बिट फिरवणारा भाग, म्हणून ७७५ नंबरची डीसी मोटर. स्पिंडल बोटाने दाबलात तर हलताना दिसतो. पण कोड तुमचाच आहे हो, जी०, जी१, जी२, जी३, एम३, एम५ सगळं ओळखीचं. आतमध्ये अर्डुइनोसारखा छोटा बोर्ड आणि त्यावर जीआरबीएल नावाचं फुकट फर्मवेअर, म्हणजे कोड वाचून मोटरी हलवणारा प्रोग्राम, ते २००९ पासून आहे. सवयीने जी८१ मारलंत तर एरर येईल, ड्रिलिंग सायकल त्यात नाहीच, जी४१-जी४२ पण नाही, बिटाच्या त्रिज्येचा हिशोब चित्रावरून कोड बनवणाऱ्या कॅम सॉफ्टवेअरमध्येच उरकून आणायचा.

नवख्या लोकांना कोड शिकायचा असतो, तुम्हाला हात हलका करायला शिकायचंय. ३ एमएमच्या बिटाने प्लायमध्ये एका पासला (एका फेरीला) अर्धा ते एक एमएम, बस. अ‍ॅल्युमिनियम करायचंच असेल तर ०.१ पासून सुरू करा आणि चहा घेऊन बसा. एमएसचं (साध्या पोलादाचं) नावच काढू नका, त्यासाठी भोसरीत तुमचे जुने मित्र आहेतच की.

बाकी सामान थोडंच लागतं. खाली टाकायला एमडीएफचा तुकडा (टिंबर मार्केटमध्ये कटपीस मिळतो, बिट आरपार गेलं तर तो खराब व्हावा, बेड नको), गॉगल, मास्क, ब्रश. नट-बोल्ट, अ‍ॅलन की बोहरी आळीत, वायर, फॅन, लिमिट स्विच (अक्षाचं टोक आलं हे मशीनला कळवणारे) तपकीर गल्लीत. हँडग्लोव्हज घालून फिरत्या स्पिंडलजवळ जायचं नाही हे तुम्हाला सांगायला नको, पण मुलाला सांगा.

सासऱ्यांच्या पंचाहत्तरीला सागवानावर पाटी कोरून द्यायचीय, 'बेल एकदाच वाजवा, घर मोठं नाही' अशी. पण प्रीव्ह्यूमध्ये शिरोरेषेवर प्रत्येक अक्षराच्या जोडाला उभी रेघ दिसते, आत्तापर्यंत दोन बिटं तुटली आणि लाकूड काळं पडतंय. कुठे चुकतंय? – कोथरूडच्या एक वाचक

ताई, मजकूर झकास आहे, पाटी झाली की फोटो पाठवा. तुमच्या पत्रात तीन वेगळे प्रश्न आहेत.

आधी ती रेघ. देवनागरी फॉन्टमध्ये प्रत्येक अक्षर आपापला शिरोरेषेचा तुकडा घेऊन येतं आणि शेजारच्या अक्षरावर थोडा चढवतं. कागदावर काळ्यात काळं मिसळतं म्हणून कळत नाही, पण मशीनला फक्त कडा दिसते, त्यामुळे ते इमानदारीत दोन्ही अक्षरांच्या कडा कोरून ठेवतं. इंग्रजी पाट्यांचे व्हिडिओ बघून शिकलेल्यांना हे कुणी सांगतच नाही, कारण त्यांच्याकडे शिरोरेषा नाही. इंकस्केपमध्ये अक्षरांचं पाथमध्ये रूपांतर करा, मग अनग्रुप करा, सगळं सिलेक्ट करून युनियन मारा. अख्खा शब्द एकसंध होतो, अक्षरांच्या आतली भोकं तशीच राहतात. एकदा पाथ केला की मजकूर बदलता येत नाही, त्यामुळे मूळ फाइल वेगळी ठेवा आणि ऱ्हस्व-दीर्घ आधीच दोघातिघांना दाखवून घ्या, पाटी पुण्यात लागणारे.

अक्षरांसाठी सपाट तोंडाचं बिट नको, टोकदार व्ही-बिट घ्या. ३ एमएमचं सपाट बिट २ एमएमच्या फटीत जातच नाही, मग वेलांटीचं टोक, उकाराची शेपटी सगळं बोथट होतं. व्ही-बिट जेवढं खोल जाईल तेवढी रेघ रुंद. ९० अंशाचं बिट २ एमएम खोल गेलं की ४ एमएमची रेघ पडते, ६० अंशाचं तेवढंच खोल गेलं तर साधारण २.३ एमएमची. यातली गोम अशी की फळी एका बाजूला अर्धा एमएम जरी उंच असली तरी ९० अंशाच्या बिटाने तिकडची रेघ चक्क १ एमएमने जास्त जाड येते. 'बेल' बारीक आणि 'नाही' ठळक असं झालं तर फॉन्टला नावं ठेवू नका, फळी लेव्हलला नाहीये. आधी त्याच मशीनवर मोठ्या बिटाने वरचा थर उडवून घ्या, किंवा सुताराकडून रंधा मारून आणा.

आता काळं पडणं. हे बहुतेक वेळा भीतीमुळे होतं, तुटेल तुटेल म्हणून माणूस फीड (बिट पुढे सरकायचा वेग) एकदम कमी करतो आणि मग बिट कापायच्या ऐवजी घासत बसतं. हिशोब सोपा आहे, आरपीएम गुणिले बिटाच्या धारा गुणिले एका धारेने काढायची चिप. १०,००० आरपीएम, एक धार, ०.०३ एमएम चिप म्हणजे ३०० एमएम प्रति मिनिट. तुम्ही ८० वर चालवत असाल तर धूर निघणारच. बाहेर पडतो तो भुसा बोटात चुरडून बघा, बारीक किस हाताला लागला तर बरोबर, पिठासारखा आणि गरम असला तर फीड वाढवा नाहीतर आरपीएम उतरवा. आणि सागवानात सिलिका असते, धार लवकर जाते, त्यामुळे सराव पाइनवर किंवा एमडीएफवर करा, सागाला शेवटी हात लावा.

बिट तुटण्याची कारणं दोन-तीनच. ते कोलेटच्या (बिट पकडणाऱ्या चिमट्याच्या) बाहेर फार काढलेलं असतं, किंवा सरळ खाली घुसवायचा फीड आडव्या फीडइतकाच ठेवलेला असतो (एक तृतीयांश ठेवून बघा), किंवा कापताना फळीच हललेली असते. तिसरं सगळ्यात जास्त. क्लॅम्प नको असतील तर बेडवर मास्किंग टेप, फळीखाली मास्किंग टेप आणि मध्ये फेविक्विकचे चार थेंब, घट्ट बसते आणि नंतर सोलून निघते.

आणि बिट बदललं की झेड झिरो (फळीचा पृष्ठभाग किती उंचीवर आहे ते) परत घ्यायचा, बिट आणि फळीमध्ये कागद सरकवून. माझ्या पहिल्या पाटीला मी सपाट बिट काढून व्ही-बिट लावलं, ते ५-६ एमएम जास्त बाहेर होतं, झिरो न घेता स्टार्ट दाबलं आणि ते फळीतून, एमडीएफमधून बेडपर्यंत गेलं. बेडवर तो ओरखडा अजून आहे, घरातले येणाऱ्या-जाणाऱ्याला दाखवतात.

१०० एमएमचा चौकोन ९९.४ येतो. व्हिडिओत सांगतात तशी स्टेप प्रति एमएमची सेटिंग बदलली, तर आता कधी १००.३, कधी ९९.७. – धायरीचे एक वाचक

सेटिंग परत होती तशी करा. बऱ्याच ३०१८ मध्ये मोटरचे २०० स्टेप, ड्रायव्हरचे १६ मायक्रोस्टेप आणि एका फेऱ्यात ४ एमएम सरकणारा स्क्रू असतो, २०० गुणिले १६ भागिले ४, म्हणजे ८०० स्टेप प्रति एमएम. हा आकडा भूमितीतून येतो, स्क्रू एका रात्रीत बारीक होत नाही. माप दरवेळी वेगळं येतंय याचा अर्थ काहीतरी ढिलं आहे. मोटर आणि स्क्रू जोडणाऱ्या कपलरचे ग्रब स्क्रू आधी आवळा, दहातल्या आठ वेळा तिथेच निघतं. नंतर बेड आणि स्पिंडल हाताने हलवून प्ले (ढिलेपणा) आहे का बघा, नट झिजला असेल तर स्प्रिंगवाला अँटी-बॅकलॅश नट मिळतो. गोल काढून बघितलात तर लगेच कळेल, प्ले असेल तर जिथे अक्ष दिशा बदलतो तिथे गोल चपटा होतो.

गुरुवारी तीन तासांचा जॉब लावला आणि अडीच तासांनी लाइट गेली. आता सगळं पहिल्यापासून? – सदाशिव पेठेतले एक वाचक

गुरुवारी लावलात कशाला, पुण्यात लाइट जायचा वार तो! पण वाचवता येईल. स्टेपरला आपण कुठे आहोत हे माहीत नसतं, तो नुसते सांगितलेले स्टेप मोजतो, लाइट गेली की मोजणी गेली. लिमिट स्विच लावलेले असतील तर होमिंग करा (मशीन स्विचला टेकून आपली जागा शोधतं), जी५४ चा म्हणजे जॉबचा झिरो बोर्डाच्या मेमरीत राहतो, मग गो टू झिरो केलं की बिट बहुतेक मूळ जागी येतं. स्विच नसतील तर पुढच्या वेळी जॉब सुरू करायच्या आधी खालच्या एमडीएफमध्ये झिरोच्या जागी व्ही-बिटाने एक टिंब मारून ठेवत जा, त्याच टिंबात टोक टेकवून एक्स-वाय परत घेता येतो.

मग फाइल उघडून जिथे थांबलं त्याच्या थोडं आधीपासूनचा भाग ठेवा, पण सुरुवातीच्या जी२१ (मापं एमएममध्ये), जी९० (मापं झिरोपासून) या ओळी आणि स्पिंडल चालू करणारा एम३ उडवू नका, आणि आधी झेड वर उचलून मग आडवं न्या, नाहीतर थांबलेलं बिट फळीतून नांगरत जाईल. लॅपटॉपचं स्लीप पण बंद करा, बॅटरीवर लॅपटॉप झोपला तरी जॉब असाच मरतो आणि दोष महावितरणला जातो.

आणि हे सगळं होईपर्यंत फळी बेडवरून काढू नका, 'जरा बघू किती झालंय' म्हणून सुद्धा नाही. काढली की मग नवीन फळी.