‘राग’ म्हणजे राग नव्हे, आणि मंडळाच्या बॅनरचं काय करायचं?

मागच्या अंकात योगातल्या शब्दांबद्दल प्रश्न पाठवा म्हटलं तर व्हॉट्सॲपवर रांगच लागली. सगळे घेता येणार नाहीत, ग्वाल्हेरकरांचे चार निवडलेत.

प्रश्न : आमच्या योगा क्लासमधे सरांनी पाच क्लेश, म्हणजे मनाला छळणाऱ्या पाच गोष्टी सांगितल्या, अविद्या, अस्मिता, राग, द्वेष आणि अभिनिवेश. माझा तापटपणा घरात सगळ्यांना ठाऊक आहे, म्हणून राग सोडायचा ठरवून तीन आठवडे कोणाला एक शब्द बोलले नाही. आता सर म्हणतात राग म्हणजे राग नव्हे. मग मी उगाच गप्प बसले का?
*एक काकू, जनकगंज, लष्कर*

उत्तर : काकू, घरच्यांना विचारून बघा, ते नक्की ‘उगाच नाही’ म्हणतील! पण सर बरोबर सांगतायत. पतंजलींच्या योगसूत्रात राग म्हणजे ओढ, आसक्ती. दुसऱ्या पादात, म्हणजे प्रकरणात, इवलंसं सूत्र आहे, ‘सुखानुशयी रागः’, म्हणजे एकदा सुख चाखलं की त्याच्या मागोमाग मनात जे मुक्काम ठोकून बसतं ते. माझंच सांगते, रविवारी सकाळी कोथिंबीर आणायला म्हणून निघते आणि कोपऱ्यावर बेडई, म्हणजे डाळ भरलेली पुरी, तळल्याचा वास आला की भूक असो नसो पाय तिकडेच वळतात, कारण गेल्या रविवारची बेडई, तो वाफाळलेला रस्सा, द्रोणातून बोटावर ओघळलेला, हे सगळं आधीच जिभेवर येऊन बसलेलं असतं. बेडई अजून हातात नाही पण राग आला, पतंजलींचा बरं का.

आणि तुमचा तो मराठी राग? तो पुढच्याच सूत्रात सापडतो, ‘दुःखानुशयी द्वेषः’. त्यावरच्या व्यासभाष्यात, म्हणजे योगसूत्रांवरच्या जुन्या टीकेत, द्वेषाचा अर्थ सांगताना मन्यू, क्रोध हे शब्द चक्क दिलेत. म्हणजे तीन आठवडे फुकट गेले नाहीत, फक्त दुसऱ्या खात्यात जमा झाले.

गंमत अशी की योगातल्या आणि मराठीतल्या दोन्ही रागांचा मूळ धातू एकच, रञ्ज्, म्हणजे रंगणं. हळदीचा हात पांढऱ्या टॉवेलला लागला की कसा पिवळा डाग धरतो तसं मनाला सुखाचा रंग लागला तर तो योगातला राग, संतापाने चेहरा लाल झाला तर तो आपला मराठी राग, आणि आपल्या गावात तर तिसराही आहे, घराण्याचे बुवा तानपुरे जुळवून बसतात आणि मन रंगून जातं तो. ग्वाल्हेरात राहून या तिन्हींतला एकही लागला नाही असा माणूस मला तरी अजून भेटलेला नाही.

प्रश्न : गणपतीसाठी बॅनर छापलं, ‘मराठी अस्मितेचा जागर’. पुतण्या योगाचा कोर्स करून आलाय, तो म्हणतो काका अस्मिता हा क्लेश आहे, तुम्ही क्लेशाचा जागर करताय. बॅनर बदलायचं का? पैसे देऊन झालेत.
*मंडळाचे एक कार्यकर्ते, चिटणीस की गोठ*

उत्तर : राहू द्या हो. पुतण्या पुस्तकाप्रमाणे बरोबर आहे. अस्मि म्हणजे ‘मी आहे’, त्याला ‘ता’ लावला, झालं मी-आहे-पण. बघणारा वेगळा आणि ज्याने बघतो ते मन-बुद्धीचं साधन वेगळं, पण दोन्ही एकच वाटायला लागणं याला पतंजली अस्मिता म्हणतात. चष्मा लावून लावून माणसाला चष्मा म्हणजेच मी असं वाटावं, तसं काहीसं. आजच्या मराठीत मात्र शब्दाने घर बदललंय, तो आता स्वाभिमान, ओळख अशा अर्थाने चालतो आणि बॅनर वाचणाऱ्याला तेच कळणार. शब्द असे सरकतातच, ‘अभिनिवेशाने भाषण केलं’ आपण सहज म्हणतो, योगसूत्रात अभिनिवेश म्हणजे जिवाला चिकटून राहणं, मरणाची भीती, आणि ती विद्वानांनाही सुटत नाही असं सूत्रच म्हणतं. बाकी स्टेजवर पहिल्या खुर्चीत कोण बसणार यावरून मीटिंगमधे जे होतं, ती मात्र पुतण्या म्हणतो तीच अस्मिता, तिथे त्याला बोलू द्या.

प्रश्न : वय ७४, गुडघे गेलेत. मांडी घालता येत नाही. खुर्चीवर बसून केलं तर त्याला आसन म्हणतात का? क्लासमधली मुलं हसतात.
*एक आजोबा, दौलतगंज*

उत्तर : आजोबा, आस् म्हणजे बसणं, त्यावरून आसन. पूजेला आपण पाट नाहीतर आसन मांडतो, तोच शब्द. आणि पतंजलींनी आसनावर किती लिहिलंय? जवळजवळ दोनशे सूत्रांत फक्त तीन! पहिलं ‘स्थिरसुखमासनम्’, स्थिर असावं आणि सुखाचं असावं, बस्स. पाय मानेमागे न्या असं कुठेही नाही. पुढचं सूत्र तर प्रयत्न सैल सोडा म्हणतं. व्यासभाष्यात पद्मासन, वीरासन, दंडासन अशी नावं येतात, त्यातच एक आहे ‘सोपाश्रय’, म्हणजे टेकू घेऊन बसणं. तेव्हा खुर्चीला टेकून खुशाल बसा, कोणी हसलं तर सोपाश्रय चाललंय म्हणून सांगा, निदान पाच मिनिटं तरी गप्प होतील. गुडघ्यांचं मात्र डॉक्टरांना विचारूनच काय ते करा, ते माझं काम नाही.

प्रश्न : कपालभातीतला भाती म्हणजे लोहाराचा भाता ना? आणि योग म्हणायचं की योगा?
*कॉलेजची विद्यार्थिनी, मुरार*

उत्तर : भाती हे ‘भा’ म्हणजे चमकणं यावरून, कपाळ उजळवणारी क्रिया. लोहाराचा भाता म्हणजे संस्कृतात भस्त्रा, त्यावरून भस्त्रिका. पण तू अगदीच चुकली नाहीस, हठयोगप्रदीपिका या जुन्या ग्रंथात कपालभातीचा श्वास लोहाराच्या भात्यासारखा सोडा-घ्या असंच सांगितलंय, आणि तिथे ती प्राणायामात नाही, षट्कर्मांत आहे, म्हणजे शरीर साफ करणाऱ्या सहा क्रियांत, नेती-धौतीच्या पंगतीत.

योग की योगा, तर शब्द योगच. शेवटचा आ इंग्रजी स्पेलिंगमधून आला. पण मराठीत ‘योगाचा क्लास’, ‘योगाला चालले’ हे बरोबरच आहे, प्रत्यय लागला की आपण आ लावतोच, घर-घराला तसं. चूक पकडली जाते ती ‘मी योगा करते’ म्हणालीस की. वरच्या काकूंनी ‘योगा क्लास’ लिहिलंय ते मी मुद्दाम तसंच ठेवलं, त्यांना परत राग नको यायला.