तो माझा कोण लागत होता?

प्रश्न : ताई, नमस्कार. मी नवी पेठेत घरगुती मेस चालवते. स्पर्धा परीक्षांची मुलं जेवायला येतात, रविवारी एक वेळ फीस्ट असते. त्यातला लातूरकडचा एक मुलगा आमच्याच माळ्यावर कॉट बेसिसवर राहायचा. भरीत असलं की तिसरी भाकरी मागायचा आणि मागायच्या आधी नुसताच हसायचा. ते हसू दिसलं की मी तवा परत ठेवायची. श्रावणात त्याने जीव दिला. पोलीस आले, पंचनामा झाला, माझाही जबाब घेतला. आईवडील रात्रीच्या गाडीने आले आणि ससूनमधून त्याला गावी घेऊन गेले. मला त्यांच्याशी धड बोलताही आलं नाही.

महिन्याचे पैसे त्याने एक तारखेलाच भरले होते. माझ्या वहीत त्याच्या नावापुढे पहिल्या आठवड्यापुरत्या बरोबरच्या खुणा आहेत, पुढची घरं कोरी. शेवटच्या दोन रात्री तो खाली आलाच नाही. मला वाटलं, बाहेर खाल्लं असेल. वर जाऊन विचारलं का नाही, एवढंच डोक्यात फिरतं. दिवाळी आली तरी झोप लागत नाही. हे म्हणतात, "किती दिवस रडणार? तो आपला कोण लागत होता?" शेजारच्या बाई म्हणतात, अशाला गती मिळत नाही, माळ्यावर शांत करून घ्या. पोरं ताटावर बसतात, मान खाली घालून जेवतात, कुणी त्याचं नाव काढत नाही. त्याच्या आईला फोन करावासा वाटतो, पण कोणत्या तोंडाने करू? आणि त्याच्या उरलेल्या पैशांचं काय करू?

— एक मेसवाल्या काकू, पुणे

उत्तर : काकू (पोरं म्हणतात तेच म्हणते), पैशांचं आधी सांगते. तुमच्या पत्रात तो प्रश्न सगळ्यात शेवटी आलाय, पण मला तोच खरा वाटतो. जेवढे दिवस तो जेवला तेवढ्याचा हिशोब करा आणि बाकीचे त्याच्या आईला पाठवा. मात्र पैसे जाण्याआधी तुमचा फोन जाऊ द्या. कोणत्या तोंडाने, असं विचारलंत. ज्या तोंडाने त्याला "अजून अर्धी घे रे" म्हणायचात, त्याच तोंडाने.

मी सरकारी रुग्णालयाच्या मानसोपचार विभागात समाजसेवक म्हणून नोकरी केली. मूल असं गेलेल्या आया-बापांशी बोलण्यात त्यातली बरीच वर्षं गेली. तेराव्यापर्यंत घर भरलेलं असतं. नंतर लोक रस्ता बदलतात. वाईट वागतात असं नाही, त्यांना काय बोलावं ते कळत नसतं. आणि मग त्या घरात मुलाचं नाव घेणारं बाहेरचं माणूसच उरत नाही. त्याच्या आईला पुण्यातली त्याची दोन वर्षं माहीत नाहीत, काकू. ती तुमच्याकडे आहेत. त्याला भरीत आवडायचं हे तिला ठाऊक असेल, पण परक्या घरात मागताना तो आधी हसायचा हे नसेल. ते सांगा. ती रडेल, तुम्हीही रडाल. त्याने काही बिघडत नाही. "का केलं असेल हो?" हे मात्र विचारू नका. स्वतःचे तर्कही सांगू नका. दोन रात्री तो जेवायला आला नाही हे तिने विचारलं तर खरं सांगा, आपणहून त्यापासून सुरुवात करू नका. तिला फोन नको असेल तर तेही तिच्या आवाजावरून कळेल, मग महिन्याभराने पुन्हा करा.

आता त्या दोन रात्री. "तुमचं काही चुकलं नाही" असं तुम्हाला सगळ्यांनी सांगून झालं असणार आणि त्याचा काडीचाही उपयोग झाला नसणार. म्हणून मी ते म्हणत नाही. एक काम सांगते. तुमच्या त्याच वहीचं कोरं पान घ्या आणि त्या आठवड्यात तुम्हाला काय काय दिसलं, कळलं, ते ज्या क्रमाने कळलं त्या क्रमाने लिहा. नंतर कळलेलं एक अक्षर त्यात येता कामा नये. मग शेजारी लिहा, त्याच आठवड्यात आणखी किती पोरं एखाद्या रात्री आली नव्हती. कुणी मित्राच्या वाढदिवसाला, कुणी अभ्यासिकेतून उशीर झाला म्हणून वडापाव खाऊन झोपलेलं. त्या दिवशी तुमच्यासमोर जे होतं, त्यावरून बाहेर खाल्लं असेल असं वाटणं हा साधा, रोजचा अंदाज होता. आज तुम्ही त्या अंदाजाला शेवट माहीत असल्यासारखं धारेवर धरताय. पान लिहून झालं तरी खंत उरेल. थोडी उरू द्या, माया केली त्याची ती खंत आहे. फक्त ती खटला चालवल्यासारखी रोज रात्री चालायला नको.

आणि कारण? वर्तमानपत्रात चार ओळी आल्या असतील, "परीक्षेतील अपयशातून". मला या शब्दांचा राग येतो. जाहिरात निघायला लागणारा वेळ, लांबलेला निकाल, घरच्या शेतीवरचं कर्ज, वाढतं वय, हे सगळं खरंच असतं आणि त्याबद्दल आरडाओरडा व्हायलाच हवा. पण त्याच परीक्षेत नापास झालेली शेकडो पोरं संध्याकाळी तुमच्याकडे जेवून जातात. आत्महत्या बहुतेक वेळा एका कारणाने होत नाही. नैराश्य, न लागणारी झोप, एकटेपणा, पैशांची ओढाताण, कधी दारू, आणि एखादा असा प्रहर की ज्यात यातना थांबवण्याचा दुसरा रस्ताच दिसेनासा होतो, अशा कितीतरी गोष्टी एकावर एक चढतात. त्यातली बरीचशी त्याने तुमच्यापासून लपवली, आणि लपवणाऱ्याला लपवता येतं.

आता तुमच्या यजमानांचा प्रश्न. कोण लागत होता? ज्याला दोन वेळ वाढलं, तो. अमेरिकेत ज्युली सेरेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी काढलेला अंदाज असा की एका आत्महत्येची झळ साधारण १३५ ओळखीच्या माणसांपर्यंत पोहोचते. सोसायटीचा वॉचमन, अभ्यासिकेत शेजारच्या खुर्चीवर बसणारा, झेरॉक्सवाला, मेसच्या काकू. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या अहवालात २०२२ सालचा विद्यार्थ्यांच्या आत्महत्यांचा आकडा १३,०४४ आहे. त्यातली कितीतरी मुलं घरापासून लांब, कुणाच्या ना कुणाच्या हातचं खात असणार. या माणसांना सुतक नसतं, रजा मिळत नाही, भेटायला कुणी येत नाही, म्हणून त्यांचं दुःख खोटं होत नाही. यजमानांवर मात्र फार चिडू नका. माळ्याचा जिना तेही रोज उतरतात. एखाद्या संध्याकाळी नुसतं विचारून बघा, तुम्हाला त्याचं काय आठवतं?

शेजारच्या बाईंना सांगा, विधी करायचा की नाही हे त्याची आई ठरवेल. आईवडिलांना त्र्यंबकेश्वरी जाऊन नारायणबली करावासा वाटला तर जरूर करावा, विधीने माणसाला हाताला काम मिळतं, बरं वाटतं. पण गती मिळणार नाही म्हणून बाहेरच्याने घाबरवायचं, हा अधिकार कुणी कुणाला दिलेला नाही. माळा धुवून घ्या, खिडक्या उघडा, रंग द्यायचा तर द्या.

जबाबाची धास्ती तुमच्या पत्रात दोन शब्दांतच आहे, तरी सांगते. अशा मृत्यूची पोलीस अकस्मात मृत्यू म्हणून नोंद करतात आणि चौकशी करतात. पूर्वी फौजदारी प्रक्रिया संहितेचं कलम १७४ होतं, १ जुलै २०२४ पासून नागरिक सुरक्षा संहितेचं १९४ आहे. घरमालकाचा, मित्रांचा जबाब घेणं हा त्या चौकशीचा नेहमीचा भाग. जबाब घेतला म्हणजे आरोप ठेवला असं नाही.

सगळ्यात जास्त काळजी मला मान खाली घालून जेवणाऱ्या पोरांची वाटते. जवळच्या कुणी आत्महत्या केली की त्याच वयाच्या, तशाच अडचणीत असलेल्या मुलांमधला धोका वाढतो. त्यामुळे तुम्ही गप्प राहू नका. त्याच्या नावाने सुरुवात करा : "मला त्याची आठवण येते रे, तुम्हाला येते का?" एखादा फारच मिटलेला दिसला, झोपत नसला, आपल्या वस्तू वाटून टाकायला लागला, निरोप घेतल्यासारखं बोलला, तर बाजूला घेऊन सरळ विचारा, "जीव द्यावा असं मनात येतं का?" विचारल्याने ते डोक्यात शिरत नाही. उलट कुणीतरी विचारलं म्हणून पोरं बोलतात. हो म्हणाला तर त्याला एकटा सोडू नका, घरच्यांना कळवा, डॉक्टरकडे स्वतः घेऊन जा. १४४१६ हा नंबर वहीच्या पुठ्ठ्यावर लिहून ठेवा. टेलि-मानस ही सरकारी सेवा २०२२ पासून आहे, फुकट, चोवीस तास, मराठीतून बोलता येतं. पुण्यातच 'कनेक्टिंग' ही संस्था २००५ पासून या कामात आहे, मागे राहिलेल्या माणसांसाठीही. तुम्हीही फोन करू शकता, ते काही फक्त पोरांसाठी नाही.

आणि चौकात फ्लेक्स लावू नका! आपल्याकडे वाढदिवसापासून श्रद्धांजलीपर्यंत सगळ्याला फ्लेक्स लागतो. पण हारातला मोठा फोटो रोज जाता-येता पाहणाऱ्या एखाद्या खचलेल्या पोराला, मेल्यावर तरी माणूस दिसतो, एवढंच त्यातून कळतं.

तुमची झोप. तीन महिने झाले, आणखी काही आठवडे अशीच अवस्था राहिली, खाणं सुटलं, कामात हात चालेना, किंवा स्वतःच्याच जिवाचा कंटाळा यायला लागला, तर थांबू नका, मानसोपचारतज्ज्ञांना दाखवा. जिवाचा कंटाळा येत असेल तर आठवडे कसले मोजायचे, आजच दाखवा.

*

प्रश्न : आमची मोठी मुलगी इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला होती. मार्चमध्ये तिने आत्महत्या केली. नातेवाइकांना आणि नऊ वर्षांच्या धाकट्याला आम्ही ॲक्सिडेंट सांगितलं आहे. आता तो विचारतो, कुठल्या रस्त्यावर झाला? गाडी कुणाची होती? पत्नी म्हणते, मोठा झाल्यावर सांगू.

— एक वडील, बिबवेवाडी

उत्तर : सर, नऊ वर्षांचा मुलगा गाडी कुणाची असं विचारतो तेव्हा त्याचा ॲक्सिडेंटवरचा विश्वास उडालेला असतो. सोसायटीतलं एखादं पोर किंवा चुलतभाऊ कधीतरी त्याला सांगणारच. ते तुमच्या तोंडून कळू दे. दोघांनी मिळून सांगा, शाळेच्या आदल्या रात्री नको, शनिवारी सकाळी सांगा. फार वेळ लागत नाही. "ताईला मनातून खूप त्रास होत होता. तो इतका वाढला की तिला दुसरं काही सुचेना, आणि तिने स्वतःचा जीव घेतला. तुझ्या कुठल्याही बोलण्याने, भांडणाने ते झालं नाही. असा त्रास झाला तर मदत मिळते आणि बरं वाटतं. तुला कधी फार वाईट वाटलं तर आम्हाला सांगायचं." कसं केलं, याचे तपशील देऊ नका. विचारलं तर एका वाक्यात, चित्र उभं राहणार नाही असं सांगा. आधी खोटं का सांगितलं, हे विचारेल. आम्हाला सांगताच येत नव्हतं, हे उत्तर खरं आहे आणि त्याला पुरतं.

भांडणाचं वाक्य गाळू नका. रिमोटवरून ताईला "मर तू" म्हणालेलं लहान भावंडाला आठवत असतं, आणि ते कुणाला सांगत नाही.

नातेवाइकांना कधी सांगायचं ते तुमच्या सोयीने. पत्नी तयार नसतील तर महिनाभर थांबा, पण "मोठा झाल्यावर" असं ठरवू नका. त्याच्या वर्गशिक्षिकेच्या कानावर आधी घाला, म्हणजे सोमवारी वर्गात तो रडला तर निदान एका मोठ्या माणसाला ते का हे माहीत असेल.

*

प्रश्न : आमच्या मजल्यावरच्या एका घरातल्या बारावीच्या मुलाने गेल्या महिन्यात जीव दिला. भेटायला जावं की त्या घरच्यांना एकटं सोडावं? बोलायचं काय?

— कोथरूड

उत्तर : जा. "कसं झालं?", "तुम्हाला आधी काही जाणवलं नाही का?" आणि "धीर धरा, दुसरं मूल आहे ना" ही तीन वाक्यं घरी ठेवून जा. "काय बोलावं कळत नाही, पण आले" एवढं बोललात तरी खूप. पिठलं-भात न्या, आणि ज्याची परतफेड करायची चिंता त्यांना नको अशा साध्या डब्यात न्या. "काही लागलं तर सांगा" म्हणू नका, कुणी सांगत नाही. त्यापेक्षा गॅसचा नंबर लावू का, आजोबांना बँकेत नेऊन आणू का, असं नेमकं विचारा. मुलाचं नाव घ्या. आणि सगळे जायचे थांबले की पुन्हा जा : त्याच्या वाढदिवसाला, बारावीच्या निकालाच्या दिवशी, गणपतीत.