इंटरनेट नाही, पण वायफाय आहे

प्रश्न : शाळेला दहा टॅब देणगीत मिळाले. रेंज टेकडीवर गेल्याशिवाय येत नाही, वीज दुपारी हमखास जाते. टॅब कपाटात पडून आहेत. काय करता येईल? – जि. प. शाळेतील शिक्षिका, धारणी तालुका

उत्तर : वायफाय म्हणजे इंटरनेट नव्हे, एवढं ध्यानात घेतलं की अर्धं काम झालं. वर्गात एक संगणक आणि एक साधा राउटर ठेवायचा. धडे त्या संगणकात असतात, टॅब राउटरमधून तिथपर्यंत पोहोचतात, बाहेरच्या जोडणीची गरजच पडत नाही. यासाठी ‘कोलिब्री’ हे मोफत सॉफ्टवेअर आहे. ‘लर्निंग इक्वालिटी’ या अमेरिकेतल्या ना-नफा संस्थेने ते नेट नसलेल्या शाळांसाठीच बनवलं. त्याचा पडदा मराठीतही दिसतो.

संगणक म्हणून रास्पबेरी पाय हा तळहाताएवढा छोटा संगणक घ्या असं बरेच जण सुचवतील. तुमच्या विजेचं ऐकून आम्ही जुना लॅपटॉप सुचवू. त्याच्या ‘पाय 4’ या मॉडेलला 5 व्होल्ट, 3 अँपिअरचा अडॅप्टर लागतो. मोबाइलचा साधा चार्जर लावला की तो अडखळतो, आणि चालू असताना वीज गेली की मेमरी कार्डातला मजकूर खराब होण्याची भीती. लॅपटॉपची बॅटरी तासभर जरी टिकत असली, तरी नीट बंद करायला तेवढा वेळ पुरतो. 4 जीबी रॅम असली तरी चालेल, डिस्कवर जागा मात्र भरपूर हवी.

लॅपटॉप तालुक्याच्या गावी, ब्रॉडबँड असेल तिथे न्या. विंडोजवर कोलिब्री बसवून ‘प्रथम’ या शिक्षणक्षेत्रातल्या संस्थेचं ‘प्रडिजी’ चॅनल, म्हणजे धड्यांचा संच, उघडा. अख्खं उतरवू नका. मराठी विभाग आणि तुमच्या इयत्ता निवडा. निवडलेल्या मजकुराचा आकार तिथेच दिसतो, जागा खातात ते व्हिडिओ. तिथून निघण्याआधी नेट बंद करून दोन-चार धडे चालवून बघा.

शाळेत लॅपटॉप शक्यतो केबलनेच राउटरला जोडा. तो हवेतून बोलू लागला की प्रत्येक व्हिडिओ त्याच वायफायवरून दोनदा जातो, आणि मग दहा टॅबही जड होतात. राउटरच्या सेटिंगमध्ये लॅपटॉपला कायमचा पत्ता बांधून द्या, समजा 192.168.1.50. टॅबच्या ब्राउझरमध्ये http://192.168.1.50:8080 टाकायचं. लॅपटॉपवर उघडतं पण टॅबवर नाही, ही नेहमीची तक्रार. बहुतेकदा विंडोजने नेटवर्क ‘पब्लिक’ धरलेलं असतं. ते ‘प्रायव्हेट’ करा, फायरवॉलमध्ये, म्हणजे बाहेरून येणाऱ्या जोडण्या अडवणाऱ्या विंडोजच्या पहारेकऱ्यात, कोलिब्रीला परवानगी द्या. तरीही नाही, तर राउटरमधलं ‘आयसोलेशन’, म्हणजे जोडलेल्या उपकरणांना एकमेकांपासून तोडणारी सोय, बंद करा. गेस्ट वायफायवर ते सहसा चालू असतं. झाकण मिटल्यावर लॅपटॉप झोपणार नाही, अशी सोयही करून ठेवा.

राउटरसाठी छोटा यूपीएस मिळतो. घेण्याआधी राउटरच्या अडॅप्टरवर व्होल्ट वाचा. काही 9 व्होल्टचे असतात, त्यांना 12 व्होल्ट दिले की राउटर जळू शकतो. पिन बहुतेकदा दोन्हीकडे सारखीच बसते, म्हणून फसगत होते.

टॅब एका इयत्तेला देऊन बाकीच्यांना फळ्यावर गुंतवा. एका टॅबला दोन मुलं बसली तर उत्तम, कारण उत्तरावरून वाद होतो. प्रत्येक मुलाचं खातं मात्र वेगळं काढा. नाहीतर कोण कुठे अडलं हे शिक्षकांच्या पानावर कळणार नाही.

प्रश्न : शाळेच्या धड्यांचं सरकारी दीक्षा ॲप असताना हा खटाटोप कशाला? – पालक, नंदुरबार

उत्तर : रेंज असेल तर दीक्षाच वापरा, पुस्तकातला क्यूआर कोड टिपला की धडा समोर. तो उतरवून नेटशिवायही बघता येतो. पण उतरवणं टॅबटॅबवर वेगळं, दहा टॅब म्हणजे दहादा.

प्रश्न : मुलं घरचे मोबाइल आणतात. शाळेचं वायफाय जोडलं की ‘इंटरनेट नाही’ म्हणून फोन मोबाइल डेटावर उडी मारतो. – शिक्षक, गडचिरोली

उत्तर : अँड्रॉइड वायफायवर नेट आहे का ते तपासतं. ते मिळालं नाही की बाजूला सरतं. तासापुरता मोबाइल डेटा बंद ठेवा आणि ‘तरीही जोडलेले राहायचे का?’ असं विचारलं की ‘हो’ म्हणा. पत्ता टाकताना सुरुवातीला http:// लिहाच. काही ब्राउझर आपल्या मनानेच https लावतात आणि पान उघडत नाही.