प्रत्येक माकडाला एक टोपी

प्रश्न : माझा मुलगा साडेचार वर्षांचा असून तो एक ते पन्नास अंक न अडखळता म्हणतो. परंतु परवा पाने घेताना ‘पाच वाट्या आण’ असे सांगितले, तेव्हा त्याने हाताला लागतील तेवढ्या वाट्या आणून ठेवल्या. टोपीवाला आणि माकडे या गोष्टीचे चित्रांचे पुस्तक आम्हाला रोज रात्री वाचावे लागते. या गोष्टीच्या आधारे त्याला घरी गणित शिकवता येईल का, आणि त्यासाठी काही साहित्य विकत आणावे लागेल का?
– एक वाचक, सातारा

उत्तर : आपल्या मुलाचे काहीही चुकत नाही. अंक म्हणणे हे बडबडगीत म्हणण्यासारखे असते. मोजणे ही त्याहून निराळी गोष्ट आहे. मोजताना प्रत्येक वस्तूला एकच अंक द्यावा लागतो, अंकांचा क्रम कायम ठेवावा लागतो आणि शेवटी उच्चारलेला अंक हा शेवटच्या वस्तूचा नसून सगळ्या वस्तूंचा आहे, हे उमगावे लागते. रॉशेल गेलमन आणि गॅलिस्टल या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी १९७८ साली ही तत्त्वे मांडली. त्यांतले शेवटचे तत्त्व बहुतेक मुलांना सर्वांत उशिरा समजते आणि आपल्या वाट्या तेथेच अडल्या आहेत.

विकत काहीही आणू नये. पाच चिंचोके ही माकडे आणि बाटल्यांची झाकणे या टोप्या, एवढे पुरे. (घरात याहून लहान मूल असेल, तर चिंचोक्यांऐवजी मोठे बटाटे घ्यावेत, कारण चिंचोके नाकातोंडात जातात.) पहिले काही दिवस मोजायला मुळीच सांगू नये. चिंचोके ओळीने मांडून प्रत्येकाला टोपी घालायला सांगावे; टोप्या कधी पाच, कधी चार, कधी सहा द्याव्यात आणि ‘पुरल्या’, ‘कमी पडल्या’, ‘उरल्या’ हे तीन शब्द त्याच्या तोंडी येऊ द्यावेत.

त्यानंतरचा खेळ मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. माकडे बैठकीच्या खोलीत आणि टोप्यांचा डबा स्वयंपाकघरात ठेवावा आणि ‘सगळ्या माकडांना पुरतील एवढ्याच टोप्या एका खेपेत आण’ असे सांगावे. आता माकडे डोळ्यांसमोर नसल्यामुळे त्याला त्यांची संख्या मनात धरून न्यावी लागते, आणि संख्येची गरज मुलाला खऱ्या अर्थाने भासते ती येथेच. त्याने मूठभर टोप्या आणल्या, तरी ‘चूक’ असे म्हणू नये. टोप्या घालून झाल्यावर उरलेली झाकणे त्याला सगळे सांगतातच.

गोष्टीतला टोपीवाला झोपेतून उठतो तेव्हा त्याची पेटी रिकामी असते. शून्याची ओळख करून द्यायला याहून चांगली जागा मिळणार नाही. पुढे माकडे टोप्या खाली फेकतात, त्या वेळी एक टोपी आपण मांडीखाली लपवावी आणि ‘सगळ्या परत आल्या का?’ असे विचारावे. वजाबाकी हा शब्द न उच्चारताही ती येथे होते. लहानमोठ्या वाट्या टोप्या म्हणून एकात एक बसवल्या, तर चढता क्रमही खेळता येतो.

ओळीतले चिंचोके लांब लांब पसरले, की ‘आता जास्त झाले’ असे तो कदाचित म्हणेल. या वयात ते स्वाभाविक आहे; स्विस मानसशास्त्रज्ञ जाँ पियाजे यांनी दाखवल्याप्रमाणे ही समजूत साधारणपणे सहा-सात वर्षांच्या सुमारास बदलते. ती वाद घालून बदलत नाही. चिंचोके पुन्हा जवळ आणून दाखवावेत आणि विषय सोडून द्यावा.

पन्नासपर्यंतच्या पाठांतराचे कौतुक मात्र थोडे आवरावे. मराठीत दहाच्या पुढचे अंक अवघड आहेत: ‘पंचवीस’ म्हणताना पाच आधी येतात आणि लिहिताना दोन आधी. बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात २०१९ साली ‘वीस पाच’ अशी वाचनाची रीत आली, तेव्हा केवढा वाद झाला हे आपल्याला आठवत असेल. साडेचार वर्षांच्या मुलाने दहापर्यंत नीट मोजले, तरी भरपूर झाले.

रात्रीच्या वाचनात मात्र माकडे मोजायला थांबू नये. ती वेळ गोष्टीची आहे, आणि मध्येच परीक्षा घेतली तर पुस्तकच नकोसे होईल. खेळ सकाळी मांडावा आणि पाने घेताना ‘पाच वाट्या आण’ याऐवजी ‘आज जेवायला जेवढी माणसे आहेत, तेवढ्या वाट्या आण’ असे सांगून पाहावे.